पायातील रक्तप्रवाह आणि श्राव्यातीत ध्वनी

(पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



'सोनोग्राफी' हा शब्द आता आपल्या खेड्यापाड्यांत कोणालाही नवा राहिलेला नाही. गरोदर स्त्रीची तपासणी, मूतखडा, पित्ताशयातील खडे अशा निमित्तांनी तो घरोघर पोहोचला आहे. 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' हा दवाखान्याच्या दाराशी लावलेला फलकही आपण सर्वांनी वाचलेला आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वप्रथम केला आणि १९९४ साली संसदेने संपूर्ण देशासाठी तसा कायदा केला. या यंत्राच्या दुरुपयोगाविषयी आपण पुष्कळ बोललो आहोत आणि ते आवश्यकही होते. आज मी त्याच्या एका सदुपयोगाविषयी बोलणार आहे, ज्याची माहिती अद्याप फार थोड्यांना आहे. पायाच्या रक्तवाहिन्या बुजल्या असता त्यांचे निदान आणि उपचार या दोन्ही कामी हा ध्वनी उपयोगी पडतो, आणि वेळीच उपयोगात आणल्यास माणसाचा पाय वाचतो.

रोग कसा जडतो

हृदयाकडून शुद्ध रक्त शरीरभर नेणाऱ्या रक्तवाहिन्यांना आपण रोहिणी किंवा धमनी म्हणतो. या रोहिण्यांच्या आतील अस्तरात वर्षानुवर्षे चरबी साचते, पुढे तीत चुना धरतो आणि वाट अरुंद होत जाते. हे हृदयाच्या रोहिणीत घडले की हृदयविकार होतो आणि मेंदूच्या रोहिणीत घडले की पक्षाघात होतो, हे आपणांस ठाऊक आहे. परंतु हीच क्रिया पायातही घडते, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

पहिले लक्षण अगदी साधे असते. माणूस बसलेला असताना त्याला काहीच त्रास नसतो. शे-दोनशे पावले चालला की पोटरीत गोळा येतो आणि पाय भरून येतो. दोन-चार मिनिटे थांबले की दुखणे जाते, आणि पुन्हा तेवढेच अंतर चालले की ते परत येते. स्नायूला विश्रांतीच्या वेळी लागणारे रक्त अरुंद वाटेतूनही मिळते. चालताना लागणारे अधिक रक्त मात्र मिळत नाही, हे त्याचे कारण. बुले नावाच्या एका फ्रेंच पशुवैद्याने १८३१ साली हे लक्षण प्रथम नोंदवले ते घोड्यामध्ये. थोडे धावल्यावर लंगडणारा आणि विश्रांतीनंतर पुन्हा ठीक चालणारा तो घोडा होता. पुढे १८५८ साली शार्को या फ्रेंच वैद्याने माणसातील अशाच दुखण्याचे वर्णन केले.

आपल्याकडे या दुखण्याला वात म्हणतात, कंबरेची नस दबली म्हणतात, किंवा वयोमानाने असे व्हायचेच म्हणून सोडून देतात. रोग पुढे सरकला की रात्री अंथरुणात पाऊल ठणकू लागते आणि रोगी पाय खाटेखाली लोंबकळत ठेवून झोपतो. त्यानंतर बोटाला न भरून येणारी जखम होते आणि अखेरीस बोट काळे पडते. यालाच गँगरीन म्हणतात.

या रोगाची दोन मोठी कारणे आपल्या दाराशीच आहेत. पहिले तंबाखू. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू सेवन करीत असल्याचे आढळले. न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर या शल्यविशारदाने १९०८ साली वर्णन केलेला आणि त्याच्याच नावाने ओळखला जाणारा रोग तर पंचेचाळीस-पन्नाशीच्या आतील, विडी ओढणाऱ्या कष्टकरी पुरुषांना गाठतो. त्यावर तंबाखू संपूर्ण सोडणे हाच खात्रीचा उपाय आहे. दुसरे कारण मधुमेह. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज दिला आहे. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, त्यामुळे दुखण्याची पहिली सूचनाच मिळत नाही. चप्पल चावली, खडा टोचला, तरी कळत नाही आणि जखमेनेच रोग उघडकीस येतो.

ध्वनीची करामत

माणसाच्या कानाला सेकंदास २० पासून २०,००० पर्यंत कंपनांचा आवाज ऐकू येतो. त्यापलीकडचा तो श्राव्यातीत ध्वनी. वटवाघूळ अंधारात अशाच ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून आपली वाट काढते. विशिष्ट स्फटिकांवर दाब दिला असता वीज निर्माण होते, हे क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवले. उलट, अशा स्फटिकाला वीज दिली की तो कंप पावून ध्वनी उत्पन्न करतो. याच गुणाचा उपयोग करून पहिल्या महायुद्धाच्या काळात लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने समुद्रातील पाणबुड्या शोधण्याचे तंत्र बसवले आणि त्यातूनच पुढे शरीराच्या आत पाहण्याची विद्या विकसित झाली.

दुसरा धागा डॉपलर यांचा. समोरून येणाऱ्या आगगाडीची शिटी उंच स्वरात ऐकू येते आणि गाडी पुढे निघून जाताच स्वर उतरतो. या घटनेमागील तत्त्व ख्रिश्चन डॉपलर यांनी १८४२ साली मांडले. रक्तातील तांबड्या पेशी या अशाच धावत्या गाड्या होत. त्यांवर ध्वनी सोडला तर परत येणाऱ्या प्रतिध्वनीच्या स्वरात फरक पडतो, आणि त्या फरकावरून रक्ताचा वेग कळतो. जपानमधील ओसाका येथे शिगेओ सातोमुरा यांनी १९५० नंतरच्या दशकात या तत्त्वावर हृदय व रक्तप्रवाह यांची तपासणी करून दाखवली. अमेरिकेत सिएटल येथील विद्यापीठात शल्यविशारद युजीन स्ट्रँडनेस, अभियंते डोनाल्ड बेकर आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या दशकात रक्तवाहिनीचे चित्र आणि तिच्यातील प्रवाहाचा वेग एकाच वेळी दाखवणारे यंत्र तयार केले. आज ज्याला आपण 'कलर डॉपलर' म्हणतो, ते याच यंत्राचे पुढचे रूप होय.

खिशात मावणारे साधन

या विद्येचे सर्वांत स्वस्त साधन टॉर्चएवढे असते. त्यात चित्र दिसत नाही, केवळ आवाज ऐकू येतो. घोट्याजवळ थोडी जेली लावून त्याची कांडी टेकवली की निरोगी रोहिणीतून ठसठशीत, तीन टप्प्यांचा ठोका ऐकू येतो. वर कोठे वाट अरुंद असेल तर हाच आवाज मंद आणि एकसुरी होतो.

याच साधनाने एक गणित मांडता येते. रक्तदाब मोजण्याचा पट्टा एकदा दंडाला आणि एकदा घोट्याच्या वर बांधावयाचा, आणि आवाज पुन्हा उमटतो तो दाब टिपावयाचा. घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागले की जो आकडा येतो, तो निरोगी माणसात १ ते १.४ यांच्या दरम्यान असतो. ०.९ किंवा त्याहून कमी आला तर पायाची रोहिणी अरुंद झाली आहे असे मानतात. उदाहरणार्थ, दंडाचा दाब १४० आणि घोट्याचा ८४ असेल तर भागाकार ०.६ येतो. अशा रोग्याची पोटरी चालताना दुखते ती वाताने नव्हे, हे तेथेच स्पष्ट होते. मात्र जुन्या मधुमेहात रोहिणीच्या भिंती चुन्याने इतक्या टणक होतात की पट्ट्याने त्या दबत नाहीत आणि आकडा फसवा, १.४ च्याही वर येतो. तेथे पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो.

उपचारांत ध्वनीचे स्थान

रोग आहे हे कळल्यानंतर तो नेमका कोठे आणि किती, हे कलर डॉपलर सांगतो. पाटाचे पाणी अरुंद जागेतून जाताना कसे वेगाने धावते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. रोहिणीतही तसेच होते. एखाद्या जागी रक्ताचा वेग तिच्या अलीकडील भागातल्या वेगाच्या दुप्पट किंवा अधिक झाला, तर तेथे निम्मी वा त्याहून अधिक वाट बुजली आहे असे तज्ज्ञ समजतात. अशा रीतीने जांघेपासून घोट्यापर्यंतचा नकाशा सुई न टोचता आणि क्ष-किरण न वापरता तयार होतो.

सर्वच रोग्यांना शस्त्रक्रिया लागत नाही, हे येथे आवर्जून सांगतो. केवळ चालताना दुखत असेल तर तंबाखू सोडणे, मधुमेह व रक्तदाब ताब्यात ठेवणे, रक्तातील चरबी कमी करणारी आणि रक्त गोठू न देणारी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने घेणे आणि नियमित चालणे, एवढ्याने पुष्कळांना गुण येतो. दुखेपर्यंत चालावयाचे, थांबावयाचे, दुखणे गेले की पुन्हा चालावयाचे. असे अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून किमान तीन दिवस, निदान तीन महिने केले तर चालता येण्याचे अंतर वाढते. परंतु विश्रांतीतही पाऊल ठणकत असेल किंवा जखम भरून येत नसेल, तर वाट मोकळी करणेच भाग असते.

शस्त्रक्रियेवाचून वाट मोकळी करण्याचा प्रारंभ अमेरिकेतील पोर्टलंड येथे झाला. १६ जानेवारी १९६४ रोजी चार्ल्स डॉटर या क्ष-किरणतज्ज्ञाने ८२ वर्षांच्या एका वृद्धेच्या मांडीतील रोहिणी आतून नळी घालून रुंद केली. तिच्या पायाला गँगरीन झाले होते आणि पाय कापून घेण्यास तिने नकार दिला होता. पाऊल पुन्हा ऊबदार झाले आणि पुढे मृत्यूपर्यंत ती स्वतःच्या दोन्ही पायांवर चालत राहिली. १९७४ पासून झुरिचच्या आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी नळीच्या टोकाशी फुगा बसवून हे तंत्र सुधारले. आज ज्याला अँजिओप्लास्टी म्हणतात ती हीच.

या उपचारात ध्वनी अनेक ठिकाणी साहाय्य करतो. पहिले साहाय्य सुई टोचताना. नळी आत घालण्यासाठी जांघेतील रोहिणीत सुई घालावी लागते. पूर्वी ती केवळ बोटाने नाडी चाचपून घालीत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, १,००४ रोग्यांवरील एका अमेरिकी अभ्यासात सोनोग्राफीच्या चित्राकडे पाहून सुई घातली असता पहिल्याच प्रयत्नात ८३ टक्के वेळा यश आले. चित्राविना ते ४६ टक्के होते. रक्तस्राव आदी इजांचे प्रमाणही ३.४ टक्क्यांवरून १.४ टक्क्यांवर आले.

दुसरे साहाय्य मूत्रपिंडाच्या रोग्यांना. एरवी रोहिणीचे चित्र दिसण्यासाठी रंगद्रव्य टोचावे लागते आणि ते दुबळ्या मूत्रपिंडाला अपायकारक ठरू शकते. जुन्या मधुमेहींत पाय आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडलेले असतात. अशा रोग्यांत फुग्याची संपूर्ण प्रक्रिया रंगद्रव्याशिवाय, केवळ सोनोग्राफीच्या चित्रावर पार पाडता येते, हे न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या शल्यविशारदांनी या शतकाच्या पहिल्या दशकात दाखवून दिले. त्यासाठी कुशल हात मात्र लागतो.

तिसरे साहाय्य रोहिणीच्या आतून. नळीच्या टोकाशी अत्यंत लहान ध्वनियंत्र बसवून ते रोहिणीतच नेले की तिची रुंदी, भिंतीतील चुना आणि फुग्याने पडलेली चीर हे सर्व आतून दिसते, आणि फुग्याचे व जाळीचे, म्हणजे स्टेंटचे माप अचूक ठरवता येते. ऑस्ट्रेलियात १५० रोग्यांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हे साधन वापरलेल्या गटात वर्षानंतर ७२.४ टक्के रोहिण्या पुन्हा अरुंद झाल्या नव्हत्या. न वापरलेल्या गटात हे प्रमाण ५५.४ टक्के होते. हे साधन महाग असल्यामुळे सर्वत्र उपलब्ध नाही.

फुग्याने काम होण्यासारखे नसेल तेव्हा बायपास करतात. रोग्याच्याच पायातील नीला काढून ती बुजलेल्या भागाला वळसा घालून जोडतात. ती नीला पुरेशी रुंद व निर्दोष आहे किंवा नाही हे आधी सोनोग्राफीने पाहतात आणि नंतर ठरावीक मुदतीने तपासून जोड अरुंद होत नाही ना, याची खात्री करतात.

अचानक अडलेला पाय

आतापर्यंत सांगितले ते सावकाश वाढणाऱ्या रोगाविषयी. कधी कधी हृदयातून सुटलेली किंवा अरुंद जागी साकळलेली रक्ताची गुठळी रोहिणी एकाएकी बंद करते. पाय अचानक असह्य दुखू लागतो, पांढरा व थंड पडतो, बधिर होतो आणि बोटे हलेनाशी होतात. पूर्ण अडथळा असेल तर साधारणतः सहा तासांत स्नायूंचे न भरून येणारे नुकसान सुरू होते. येथे 'सकाळी पाहू' असे म्हणणे म्हणजे पाय गमावणे.

बोटे बधिर होऊन हलेनाशी झाली असतील तर शस्त्रक्रियेने गुठळी तातडीने काढणे हाच सहसा मार्ग असतो. पायात अद्याप थोडी धुगधुगी असेल तर नळी गुठळीपर्यंत नेऊन ती विरघळवणारे औषध थेंबाथेंबाने सोडता येते. या नळीतच सूक्ष्म ध्वनियंत्रे बसवली तर ध्वनीच्या कंपनांनी गुठळीचे तंतू सैल होतात आणि औषध खोलवर शिरते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील ६० रोग्यांच्या अभ्यासात साध्या नळीने सुमारे ३० तास लागणारे हे काम ध्वनियुक्त नळीने सुमारे १८ तासांत झाले. मात्र महिन्यानंतर मोकळ्या राहिलेल्या रोहिण्यांच्या प्रमाणात दोन्ही गटांत ठाम म्हणावा असा फरक आढळला नाही. शिवाय गुठळी विरघळवणाऱ्या औषधाने अन्यत्र रक्तस्राव होण्याचा धोका असतो. म्हणून हा उपचार मोठ्या रुग्णालयात, सतत देखरेखीखालीच करावा लागतो.

चुन्याने दगडासारखी झालेली रोहिणी फुग्याला दाद देत नाही. तेथे फुग्याच्या आत ध्वनिदाबाचे धक्के निर्माण करून चुना तडकवण्याचे तंत्र अलीकडे वापरात आले आहे. मूतखडा बाहेरून धक्के देऊन फोडतात, त्याचाच हा भाऊबंद म्हणता येईल. काटेकोर अर्थाने हा सोनोग्राफीचा ध्वनी नव्हे.

काही सावधगिरीच्या गोष्टी

या माहितीचा गैरफायदा घेतला जाण्याचा संभव असल्याने स्पष्ट सांगतो. बाहेरून पायावर यंत्र फिरवून आतील जुना अडथळा निघून जाईल, अशी कोणी हमी देत असेल तर ती मानू नये. स्नायूंना शेक देण्यासाठी जे ध्वनियंत्र वापरतात, त्याने रोहिणी उघडत नाही. थंड पडलेल्या पायाला गरम पाण्याची पिशवी, तापलेली वीट किंवा बिब्बा लावणे तर फार घातक. रक्त कमी आणि संवेदना कमी, अशा पायाला भाजल्याचे कळत नाही आणि ती जखम भरतही नाही.

आपण काय करू शकतो

मित्रहो, मोठ्या शहरांतील या सोयी कितीही वाढल्या, तरी रोगी तेथे पोहोचेपर्यंत बोट काळे पडलेले असेल तर त्यांचा उपयोग मर्यादितच राहणार. मधला काळ गावातच जातो, म्हणून आपल्याकडून काही अपेक्षा आहेत.

पंचायत सदस्यांनी मधुमेह व रक्तदाबाच्या तपासणी शिबिरांत पायाची तपासणीही व्हावी, असा आग्रह धरावा. जोडे काढून पाऊल पाहणे, बोटांच्या बेचक्यांत जखम शोधणे आणि पावलावरची नाडी चाचपणे यास खर्च लागत नाही. आशा सेविका आणि उपकेंद्रातील आरोग्य कर्मचारी हे शिकू शकतात. ग्रामसभेत एक वाक्य वारंवार सांगावे : चालताना पोटरी दुखते आणि थांबल्यावर राहते, तर डॉक्टरांना दाखवा. पाय एकाएकी थंड पडला तर त्याच घटकेला रुग्णवाहिका बोलवावी. भारताच्या बहुतेक भागांप्रमाणे आपल्याकडेही १०८ क्रमांकावर ती मिळते.

शिक्षकांना मी वेगळे सांगावयास नको. तंबाखूची सवय बहुधा कोवळ्या वयात लागते. फुप्फुसाचा व तोंडाचा कर्करोग मुलांना सांगितला जातो; त्याबरोबर विडीने पायही जातो हे सांगावे. घरी आजोबांच्या पायाला जखम आहे काय, हे पाहून येण्यास मुलांना सांगता येईल.

अधिकारी मित्रांना विनंती अशी की, ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत केवळ आवाज ऐकवणारे छोटे डॉपलर आणि ते वापरण्याचे प्रशिक्षण यांचा विचार व्हावा. चित्र दाखवणारे यंत्र मात्र कायद्यानुसार नोंदवलेलेच असावे आणि त्याचे नियम तंतोतंत पाळले जावेत. पायासाठी आणलेले यंत्र म्हणून त्यात सवलत मागू नये. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेखाली कोणत्या उपचारांचा लाभ मिळू शकतो, याची चौकशी योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडे करण्यास रोग्याच्या नातेवाइकांना सुचवावे.

आणि शेवटी, आपणा सर्वांसाठी एक गोष्ट. गावातील कोणाला पाय कापण्याचा सल्ला मिळाला असेल तर नातेवाइकांनी एवढे अवश्य विचारावे : 'पायातील रक्तप्रवाह तपासला आहे काय, आणि तो सुधारता येण्यासारखा आहे काय?' जंतुदोष शरीरात पसरून जीव धोक्यात असेल तर पाय काढणेच योग्य ठरते आणि तेव्हा विलंब करू नये. परंतु अन्य प्रसंगी हा प्रश्न विचारणे हा अविश्वास नव्हे. पाय कापण्यापूर्वी रक्तवाहिन्यांची तपासणी व्हावी, हे वैद्यकशास्त्राचेच सांगणे आहे. कष्ट करून पोट भरणाऱ्या माणसाचा पाय गेला की त्याची शेती, मजुरी आणि मुलांचे शिक्षण या सर्वांवरच संकट येते. तपासणी अवघ्या काही मिनिटांची आहे. ती वेळेवर व्हावी यासाठी आपण आपापल्या गावी प्रयत्न कराल, असा मला विश्वास वाटतो.